मुलांच्या दांतांचें कवच व आनुवंशिकता

मनुष्याच्या शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असें वर्गांत विचारलें असतां बहुतेक विद्यार्थी हाडाचें नांव घेतात. परंतु तो मान दांतांवरील शुभ्र कवचाचा, म्हणजे इनॅमलचा आहे. ह्या कवचांत वजनानें शेंकडा 96 भाग खनिज असून बाकीचें पाणी व अत्यल्प प्रथिन असतें. हाड मोडलें तर तें पुन्हा सांधतें. कवच मात्र एकदां झिजलें किंवा फुटलें कीं पुन्हा उगवत नाहीं, कारण तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात.

कित्येक मुलांचे दांत उगवतांनाच पिवळट, खडबडीत किंवा खांचा पडलेले असतात. अशा मुलांस 'तूं दांत घासत नाहींस' म्हणून घरीं बोलणीं खावीं लागतात, शाळेंत सोबती चिडवितात, आणि मोठीं माणसें 'हें आईच्या माहेराकडून आलें' असें म्हणून मोकळीं होतात. ह्या बोलण्यांत खरें किती व खोटें किती, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें कवच कसें तयार होतें तें पाहूं. दुधाच्या वीस दांतांचें कवच मूल आईच्या उदरांत सुमारें चार महिन्यांचें असतांना घडूं लागतें व जन्मानंतर सुमारें एका वर्षांत पुरें होतें. सहाव्या वर्षीं उगवणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेचें काम जन्माच्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या वर्षाच्या आसपास संपतें. गवंडी कमान बांधतांना आधीं लांकडी आधार उभा करतो, त्यावर दगड रचतो, आणि कमान पक्की झाली म्हणजे तो आधार काढून घेतो. कवच घडविणाऱ्या पेशींचें कामही कांहींसें असेंच चालतें. त्या प्रथम प्रथिनांचा आधार पसरतात. त्यांत अमेलोजेनिन नांवाच्या प्रथिनाचा वांटा सर्वांत मोठा असतो. ह्या आधारांत कॅल्शियम व फॉस्फेट ह्यांचे स्फटिक वाढूं लागतात. मग विशिष्ट एन्झाइमें तीं प्रथिनें विरघळवून स्फटिकांस वाढावयास जागा करून देतात. आधार अपुरा पडला तर कवच पातळ होतें. खनिज कमी भरलें तर तें मऊ राहतें. प्रथिनें वेळेवर निघून गेलीं नाहींत तर त्याचे तुकडे उडतात.

ह्या प्रत्येक कामाची आज्ञा पेशींतील जनुकांत सांठविलेली असते. आज्ञेंतच चूक असली तर सर्व दांतांचें कवच बिघडतें. ह्या आनुवंशिक विकारास 'अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा' असें नांव आहे. अमेलोजेनिनच्या जनुकांतील दोष 1991 मध्यें व एनॅमेलिन ह्या दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकांतील दोष 2001 मध्यें उघडकीस आला. त्यानंतर एन्झाइमांचीं व इतर अनेक जनुकेंही सांपडलीं आहेत. हा विकार सामान्यतः विरळा आहे. अमेरिकेंतील एका पाहणींत तो 14,000 माणसांत एकास आढळला. उत्तर स्वीडनमधील एका पाहणींत मात्र 700 मध्यें एकास आढळला. एकाच प्रकारचीं जनुकें कांहीं लोकसमूहांत अधिक टिकून राहतात, हेंच अशा फरकाचें एक कारण होय.

हा विकार कुटुंबांत कसा उतरतो, हें समजण्यास ब्रून येथील मठवासी ग्रेगोर मेंडेल ह्यांच्या वाटाण्यांकडे वळावें लागतें. 1865 मध्यें त्यांनीं आपले निष्कर्ष वाचून दाखविले. प्रत्येक गुणाचीं दोन जनुकें असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेलें. कांहीं दोष असे प्रबळ असतात कीं दोहोंपैकीं एक जनुक सदोष असलें तरी ते दिसतात. अशा वेळीं विकार असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव निम्मा असतो. कांहीं दोष दबून राहणारे असतात. आईबाप दोघांचेही दांत निर्दोष असतात, परंतु दोघांजवळही एकेक सदोष जनुक लपलेलें असतें, आणि मग प्रत्येक मुलास विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. वधूवर एकाच रक्ताचीं असलीं म्हणजे दोघांजवळ तेंच लपलेलें जनुक असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशीं विवाह करण्याची चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ समाजांत आहे, म्हणून ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

अमेलोजेनिनचें मुख्य जनुक एक्स गुणसूत्रावर असतें. बाप आपलें एक्स गुणसूत्र मुलींस देतो, मुलांस देत नाहीं. म्हणून ह्या प्रकारांत विकार असलेल्या बापाच्या सर्व मुलींस तें जनुक मिळतें, पण त्याच्या मुलांस मिळत नाहीं. मुलींच्या प्रत्येक पेशींत दोन एक्स गुणसूत्रांपैकीं एकच काम करीत असल्यामुळें त्यांच्या दांतांवर चांगल्या व सदोष कवचाचे उभे पट्टे दिसतात. मुलांच्या दांतांचें मात्र सर्वच कवच बिघडतें. तेव्हां दोष नेहमीं आईच्याच माहेराकडून येतो, ही समजूत निराधार ठरते.

परंतु एका घरांत जें सर्वांस आहे तें सर्व आनुवंशिकच असतें, असें नाहीं. फ्रेडरिक मॅके नांवाचे तरुण दंतवैद्य 1901 मध्यें अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें आले, तेव्हां तेथील पुष्कळ लोकांचे दांत तपकिरी डागांनीं भरलेले त्यांना दिसले. लोक त्याचीं नाना कारणें सांगत. मॅके ह्यांच्या लक्षांत आलें कीं दांत पुरे तयार झाल्यानंतर त्या गांवीं राहावयास आलेल्यांस हे डाग पडत नाहींत. ओकली ह्या गांवीं दूरच्या झऱ्याचें पाणी नळानें आणल्यानंतर मुलांच्या दांतांवर डाग दिसूं लागले होते. मॅके ह्यांच्या सल्ल्यावरून तें पाणी सोडून दिल्यावर कांहीं वर्षांनीं धाकट्या मुलांचे दांत स्वच्छ उगवले. शेवटीं 1931 मध्यें पाण्यांतील फ्लोराइडचें आधिक्य हेंच कारण असल्याचें सिद्ध झालें. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ह्या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या विहिरींत व कूपनलिकांतही हा दोष आहे. दर लिटरास 1.5 मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा मानिली आहे. तेथें आजोबा, बाप व नातू ह्यांचे दांत सारखे डागाळतात, पण त्यांच्यामध्यें समान आहे ती विहीर!

वंश आणि परिस्थिति ह्यांचा वांटा वेगळा काढावयाचा तर जुळ्या मुलांकडे पाहावें, ही युक्ति फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनीं 1875 मध्यें सुचविली. अगदीं एकसारख्या जुळ्यांचीं जनुकें एकच असतात. इतर जुळ्यांचीं साध्या भावंडांइतकींच जुळतात. पहिल्या कायमच्या दाढा व पुढचे दांत मऊ राहण्याचा एक विकार पुष्कळ देशांतील मुलांत आढळतो. त्याविषयीं ब्राझीलमध्यें झालेल्या 2018 च्या अभ्यासांत एकसारख्या जुळ्यांमध्यें अधिक साम्य दिसलें. म्हणजे त्यांत जनुकांचाही हात आहे. उलट, मेलबर्न येथें 2019 मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या अशाच विकाराबाबत दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत फारसा भेद आढळला नाहीं. म्हणजे तेथें परिस्थितीचा वांटा मोठा. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः कमी वजन व बाळपणींचीं दुखणीं हींही कवचाच्या दोषाशीं निगडित असल्याचें दिसून आलें आहे.

तर मग पालकांनीं पारख कशी करावी? दुधाचे व कायमचे असे सर्वच दांत सदोष असून घरांत पिढ्यान्‌पिढ्या तसेंच चालत आलें असेल, तर आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी. एकाच काळांत घडलेल्या ठराविक दांतांवरच डाग असतील, तर त्या काळांतील आजार आठवून पाहावा. गांवांतील बहुतेक मुलांचे दांत डागाळले असतील, तर पाणी तपासून घ्यावें. शेवटचा निर्णय दंतवैद्याचा.

कारण कोणतेंही असो, कवच दुबळें असलेल्या दांतास कीड लवकर लागते व थंड पाणी झोंबतें. दुखतें म्हणून मूल घासणें टाळतें, आणि त्यामुळें कीड आणखी वाढते. म्हणून पहिल्या वाढदिवसाच्या आंत मुलास दंतवैद्यास दाखवावें. तीन वर्षांच्या आंतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट वडील माणसानें स्वतः लावून दांत घासावे. ज्या गांवच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आहे तेथें पेस्टविषयीं आधीं दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. गोड दुधाची बाटली तोंडांत ठेवून मुलास झोंपवूं नये. सहाव्या वर्षीं येणारी दाढ दुधाची समजून तिची हयगय करूं नये, ती जन्माची सोबतीण आहे. दुबळ्या दाढांवर धातूच्या टोप्या बसवून किंवा त्यांच्या खांचा बुजवून त्या पुष्कळ वर्षें टिकवितां येतात.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळीं आईबापांच्या खाण्याचा परिणाम मुलांच्या दांतांवर होतो, अशा अर्थाची एक म्हण लोकांत रूढ होती, आणि ती पुढें कोणी वापरूं नये असें त्यानें बजाविलें. ती म्हण वस्तुतः दांतांविषयीं नसून अपराधाविषयीं होती. आपणही हा भेद ओळखावा. जनुक हा वारसा आहे, अपराध नव्हे. तो आईनें निवडून दिलेला नसतो व मुलानें मागून घेतलेला नसतो. तेव्हां विद्यार्थ्यांनीं वर्गांतील अशा सोबत्यास हंसूं नये, आणि पालकांनीं बोल लावण्यांत जाणारा वेळ त्याच्या दांतांची निगा राखण्यांत घालवावा.