गार पाण्यात उतरण्याआधी

उदगीरच्या एका पालकांचं पत्र आलं आहे. त्यांचा भाचा अमेरिकेत मेरीलँडला असतो. तिथे सँडी पॉइंटला दर हिवाळ्यात राज्याच्या पोलीस दलाच्या पुढाकाराने लोक चेसापीक उपसागराच्या बर्फगार पाण्यात उतरतात. त्यासाठी मित्र, शेजारी, नातेवाईक देणगी देतात आणि तो पैसा स्पेशल ऑलिम्पिक्सच्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी वापरला जातो. भाच्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून पालक विचारतात, ‘‘आमचा मुलगा डाउन सिंड्रोमचा आहे, पंधरा वर्षांचा, पळतो छान. लातूर-नांदेडला आम्ही असं काही केलं तर चालेल का? आणि मुलांनाही पाण्यात उतरवावं का?’’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, पण नीट तयारी करून. दुसऱ्याचं उत्तर नाही.

आधी एक गल्लत दूर करतो. नांदेडच्या भाग्यश्री जाधव यांनी 2024 मध्ये पॅरिसला भारताचा ध्वज धरला ती पॅरालिम्पिक स्पर्धा. तिथे मुख्यतः शारीरिक दिव्यांग खेळाडू उतरतात. स्पेशल ऑलिम्पिक्स ही बौद्धिक दिव्यांगांची वेगळी चळवळ आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी 1968 च्या जुलैत शिकागोला तिची पहिली स्पर्धा भरवली. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या खेळाडूंनी 202 पदकं आणली. आपल्याकडे किती जणांना ही बातमी कळली? म्हणून पैसा आणि लक्ष, दोन्ही या मुलांकडे वळवणारा कुठलाही उपक्रम मला हवासा वाटतो.

आता पाण्याकडे वळू. मराठवाड्यात थंडीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरला तरी विहिरीचं पाणी कोमटच लागतं, त्यावरून वाफ निघते. कार्तिकस्नानाला गोदावरीच्या घाटावर उतरणाऱ्यांना हुडहुडी भरते ती बरीचशी पाण्यातून वर आल्यावर, वाऱ्याने. त्यामुळे मेरीलँडसारखी डुबकी इथे घ्यायची तर टाकीत बर्फाच्या लाद्या टाकाव्या लागतील. आणि इथेच आपली माणसं फसतात. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला, उन्हाळाभर मुटके मारलेला माणूस म्हणतो, मला पाण्याची कसली भीती! पण बर्फाच्या पाण्यात पहिल्या मिनिटाला पोहता येणं फारसं कामाला येत नाही.

त्वचेला एकदम गारठा लागला की छाती आपोआप मोठा श्वास ओढते. हा श्वास आपल्या ताब्यात नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. पाठोपाठ धाप लागते, नाडी पळू लागते, रक्तदाब उसळतो. 10 ते 15 अंशांच्या पाण्यात हा धक्का पुरेपूर बसतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. चेहरा बुडाला तर उलटाच हुकूम सुटतो, हृदयाचे ठोके मंद करण्याचा. शरीर एकाच वेळी हृदयाला ‘पळ’ आणि ‘थांब’ म्हणू लागलं की ठोक्यांची लय बिघडू शकते. धडधाकट दिसणारा माणूस गार पाण्यात अचानक कोसळतो, त्यामागे हे कारण असू शकतं.

म्हणून उडी मारू नका, सूर तर नाहीच नाही. कठडा धरून पायांनी उतरा. कमरेपर्यंत आल्यावर थांबा, श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. बोलताना वाक्य तुटत नाही इतका श्वास स्थिर झाला की मगच छातीपर्यंत. डोकं बाहेरच ठेवा. पाण्यात थर्मामीटर सोडलेला असावा. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी 15 अंशांच्या खाली जाण्याची गरज मला दिसत नाही, आणि दोन मिनिटं भरपूर झाली. कारखान्यातली लादी पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही, तेव्हा पाणी तोंडात जाऊ देऊ नका. टाकी छातीइतक्या खोलीचीच हवी. विहीर किंवा बंधारा नको, कारण गारठलेल्या बोटांनी वर चढता येत नाही. आणि लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं हे कोण विसरेल? टाकीचं पाणी नंतर झाडांना घाला.

बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच उतरवा, अंग कोरडं करा, कानटोपी, स्वेटर, कोमट चहा. कडकडीत पाण्याने अंघोळ लगेच नको, त्याने भोवळ येऊन माणूस पडतो. शरीराच्या आतलं तापमान बाहेर आल्यावरही थोडा वेळ उतरत राहतं, म्हणून अर्धा तास बसून राहा, गाडी चालवू नका. दारू आधीही नको, नंतरही नको. अँजिओप्लास्टी झालेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, ठोक्यांचा त्रास, दमा किंवा फिट्‌स असलेले आणि गर्भवती यांनी काठावर उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. गार पाण्याने अंगावर पित्त उठतं त्यांनीही. अशा व्यक्तीचं सगळं अंग गार पाण्यात गेलं की रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

मुलांना नाही का म्हणतो? डाउन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयात दोष असतो. थायरॉइड मंद असणं त्यांच्यात नेहमीचं, आणि मंद थायरॉइडला थंडी सोसत नाही. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा सैल असतो. म्हणूनच या सैलपणाची लक्षणं दिसणाऱ्या खेळाडूला स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये पोहताना सूर मारून सुरुवात करू देत नाहीत, बटरफ्लाय स्ट्रोकही नाही. बौद्धिक दिव्यांगांपैकी पाचातल्या एकाला फिट्‌स येतात. रिस्पेरिडोनसारख्या गोळ्या शरीराचं तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. आणि यातली बरीच मुलं त्रास सांगत नाहीत. ओठ निळसर पडलेले, नखं पांढरी, तरी सर ‘कसं वाटतंय?’ म्हणाले की अंगठा वर करून हसतात. सरांना खूश करायचं असतं ना! त्या हसण्यावर विसंबून कुठल्याही मुलाला गारठ्यात ठेवू नये. पोहायला मात्र जरूर शिकवा, उन्हाळ्यात, कोमट पाण्यात, हाताच्या अंतरावर मोठं माणूस ठेवून.

उदगीरच्या पालकांना माझं सांगणं : पळण्याच्या सरावाआधी मुलाचा एकदा इको काढा, दरवर्षी थायरॉइड तपासा. मान दुखते, डोकं एका बाजूला कलतं, चाल बदलली, पाय अडखळतो, लघवीवरचा ताबा सुटला, यातलं एक जरी नव्याने दिसलं तर सराव त्याच दिवशी थांबवा आणि मानेची तपासणी करा. कानात मळ साचून शिट्टी ऐकू न येणारी मुलं असतात, त्यांना ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी बसतात. बूटही काढून बघा. पुष्कळ मुलं मोठ्या भावाचे बूट घालून धावतात, टाचेला फोड येतात आणि घरी कुणाला पत्ता नसतो. स्पेशल ऑलिम्पिक्स 1997 पासून खेळाडूंचे डोळे, कान, दात, पाय तपासतं ते याचसाठी.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत करतं. तुमच्या विशेष शाळेत ते येतं का, मुख्याध्यापकांना विचारा. बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. थेरपीचा खर्चही त्यात बसतो. डुबकीतून चार पैसे जमले तर पहिल्यांदा शाळेतल्या प्रत्येक मुलाचा हा विमा उतरवा, मग मापाचे बूट घ्या. जर्सी आणि फलक नंतर.