पायाचे नख

एन. सी. सी.चे बूट दोन वर्षे वापरले आणि माझ्या उजव्या अंगठ्याचे नख पिवळे व जाड झाले. लिंबू चोळले, कानशीने घासले, शेवटी मोज्यात लपविले. सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडील माझ्याच चपला घालून न्हाणीघरात जाताना दिसले, आणि मी घाबरलो. त्यांना मधुमेह आहे. अशा पायाला पुष्कळदा बधिरपणा येतो. जाड नख बोचून जखम झाली तरी कळत नाही.

डॉक्टरांनी लगेच औषध दिले नाही. सोरायसिसने, बुटाच्या दाबाने किंवा नेलपॉलिशच्या डागानेही नख पिवळे दिसते. म्हणून त्यांनी नखाखालचा भुगा तपासावयास पाठविला. त्यात बुरशीचे तंतू सापडले. यकृताची तपासणी करून मग ३ महिने गोळ्या दिल्या.

गोळ्या संपल्या तरी नख पिवळेच! कारण दिसते ते नख निर्जीव असते. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे सगळे नख बदलण्यास १२ ते १८ महिने लागतात.

पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर वेळीच उपचार करावेत. तीच बुरशी पुढे नखात शिरू शकते. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, नख सरळ कापावे, कोपरे खोल कोरू नयेत. ठेच लागून आलेला काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. न सरकणारी, रुंदावणारी काळी रेघ मात्र डॉक्टरांना ताबडतोब दाखवावी.

माझे नख आता निम्मे स्वच्छ आले आहे. न्हाणीघरात वडिलांच्या चपला वेगळ्या आहेत.