मेघसंगणनाचे थर

‘आमची वही क्लाऊडमध्यें आहे,’ असें मुलें म्हणतात, तेव्हां कित्येक पालक बुचकळ्यांत पडतात. हा मेघ वस्तुतः जमिनीवरच असतो. अगदीं तळाशीं भक्कम इमारती, अखंड वीज, थंड हवा, सर्व्हर आणि त्यांस जोडणाऱ्या तारा. त्यावर एकाच सर्व्हरचे अनेक आभासी सर्व्हर करणारी प्रणाली. सारी युक्ति येथेंच आहे, कारण त्यामुळें एक यंत्र अनेकांस वांटून देतां येतें. अशीं यंत्रें अमेझॉन कंपनी २००६ सालापासून भाड्यानें देऊं लागली, व २०१६ सालीं तिनें मुंबईंतही केंद्रें उघडलीं. त्याहून वरच्या थरांत आज्ञावली लिहिणारास यंत्राची चिंता राहत नाहीं. सर्वांत वर जीमेलसारख्या तयार सेवा.

जितकें वर चढावें तितकी देखभाल दुसऱ्याकडे जाते. मात्र परवलीचा शब्द कोणत्याही थरावर आपल्याच हातीं राहतो. आमच्या एका विद्यार्थ्यानें तो मित्रास सांगितला. मित्रानें थट्टेनें त्याचा वर्षभराचा निबंधसंग्रह पुसला, केराची टोपलीही रिकामी केली. सर्व थर शाबूत होते. त्यांनीं आज्ञा तेवढी पाळली.