दूरध्वनीवरील वैद्यकीय सल्ला : एक धडा

इंग्लंडमध्ये तातडीच्या नसलेल्या दुखण्यांसाठी १९९८ साली दूरध्वनी-सल्ला सेवा सुरू झाली. २०१३ मध्ये १११ हा नवा क्रमांक देशभर लागू होताना काही भागांत प्रशिक्षित कर्मचारी अपुरे पडले आणि पुष्कळांना ताटकळावे लागले. बोध स्पष्ट आहे : यंत्रसामग्री हा एकवेळचा भांडवली खर्च, प्रशिक्षित माणूस हा आवर्ती. देणगीदारांनी या दुसऱ्या खर्चाकडेही तितक्याच आस्थेने पाहावे.

महाराष्ट्रात आरोग्यसल्ल्यासाठी १०४, तर २०१४ पासून तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. कागल परिसरातील रुग्णांच्या आप्तेष्टांनी हा भेद ध्यानी ठेवावा. पथ्य, औषधाची वेळ, किरकोळ ताप यांसाठी सल्ला घ्यावा. परंतु छातीत कळ, धाप, बेशुद्धी किंवा उसाच्या फडात सर्पदंश झाल्यास सल्ल्यात क्षणही न दवडता १०८ लावावा.