मंडळीतला नाटककार

बुधवार पेठ, पुणे

चि. चिऊस,


एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तू राणी एलिझाबेथ आणि राजा जेम्स यांच्या काळातली नाटकं घेतलीस, हे वाचून फार आनंद झाला. शेक्सपिअरचं कोणतं नाटक आधी वाचू, असं तू विचारलं आहेस. माझं सांगणं असं, की शेक्सपिअरपासून सुरुवात करूच नकोस. आधी टॉमस किडचं ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ वाच, मग मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’, मग बेन जॉन्सनचं ‘व्होल्पोनी’. ‘हॅम्लेट’ त्यानंतर उघड.

आपल्याकडे शेक्सपिअरला एकट्याला देव्हाऱ्यात बसवून शिकवतात आणि बाकीच्यांची नावं एका परिच्छेदात उरकतात. त्यामुळे मुलांना वाटतं, हा माणूस शून्यातून उगवला. किड वाचलास की हा समज गळून पडेल. सूडासाठी तळमळणारं भूत, वेड लागलेला आणि वेडाचं सोंगही घेणारा नायक, नाटकातच रचलेलं नाटक, हे सगळं ‘हॅम्लेट’च्या आधी किडनं रंगभूमीवर आणलं होतं. तिथे बाप मुलासाठी सूड घेतो, इथे मुलगा बापासाठी. शेक्सपिअरनं घेतलं काय आणि बदललं काय, हे तुला ओळीओळीत दिसू लागेल. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

आणखी एक गोष्ट बघ. किडचं ते नाटक पुन्हा पुन्हा छापलं गेलं, पण मुखपृष्ठावर त्याचं नाव नव्हतं. नाटक त्याचं, हे आपल्याला कळतं ते टॉमस हेवूडनं 1612 मध्ये एका पुस्तकात जाता जाता केलेल्या उल्लेखावरून. त्या जगात नाटक लिहिणाऱ्याचं राहत नसे, ते विकत घेणाऱ्या नाटक मंडळीचं होई. फिलिप हेन्स्लो हा रोज नाटकगृहाचा मालक. त्याची हिशेबाची वही शिल्लक आहे, ती अवश्य चाळ. कुणाला किती उचल दिली, एका नाटकावर तिघाचौघांनी मिळून काम कसं केलं, जुन्या नाटकात नवी भर घालायला कुणाला पैसे दिले, सगळं तिच्यात आहे. किडच्याच या नाटकात भर घालण्यासाठी 1601 आणि 1602 मध्ये जॉन्सनला पैसे दिल्याची नोंद आहे. टीकाग्रंथांची दहा पानं वाचण्याआधी या वहीचं एक पान वाच.

हे जग तुला परकं वाटायचं कारण नाही. इंग्लंडमधल्या मुलांना जे पुस्तकातून समजून घ्यावं लागतं, त्याची आठवण आपल्या शहरात अजून शाबूत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणेशपंत बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. नटच भागीदार, नटच मालक. 1594 पासून शेक्सपिअर लॉर्ड चेंबरलेनच्या मंडळीत नेमका असाच होता: नट, लेखक आणि भागीदार. त्याची कमाई मुख्यतः नाटकाच्या बिदागीची नव्हती, मंडळीच्या नफ्यातल्या वाट्याची होती. त्यामुळे कोणत्या नटाला काय झेपेल हे डोळ्यांपुढे ठेवून तो लिहीत असे. देवल कोणासाठी लिहीत, खाडिलकर कोणाचा गळा मनात धरून लिहीत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण साम्य सापडलं म्हणून ते ताणू नकोस. लंडनमध्ये 1660 पर्यंत स्त्रीभूमिका पुरुषच करत, आपल्याकडेही करत. तरी तिथे त्या बहुधा शिकाऊ मुलांकडे असत आणि आवाज फुटला की सुटत. बालगंधर्वांनी मात्र त्या प्रौढ वयातही केल्या. क्लिओपात्रा एका पोराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली आणि भामिनी मुरलेल्या गायकनटाला. या एका फरकानं संवादांची लांबी, पदांची जागा, शृंगाराची रीत सगळंच बदलतं. यावर कुणी नीट लिहिलं तर मला वाचायला आवडेल. तू लिहिलंस तर अधिकच.

आता ‘हॅम्लेट’च्या मराठी अवताराकडे ये, म्हणजे आगरकरांकडे. कोल्हापूर प्रकरणात 1882 साली टिळक आणि ते डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. तिथे ‘केसरी’च्या या पहिल्या संपादकानं ‘हॅम्लेट’चं भाषांतर हाती धरलं आणि 1883 मध्ये ते ‘विकारविलसित’ म्हणून प्रसिद्ध झालं. डेन्मार्कचा राजपुत्र तिथे चंद्रसेन झाला. पुस्तक अभ्यासकाचं, लांब प्रस्तावनेसह; पण ते लोकांच्या मनात बसलं ते शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींमुळे. त्याच्याही आधी 1867 मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांचं ‘ऑथेल्लो’ छापून आलं होतं. पुढे देवलांनी त्याच कथेचा ‘झुंझारराव’ केला तो 1890 मध्ये. कोल्हटकर आणि देवल शेजारी ठेवून वाच. शास्त्रीबुवा मूळ ग्रंथाशी इमान राखतात, देवल प्रयोगाशी. शेक्सपिअरनं इटालियन गोष्टींचं जे केलं, तेच देवलांनी शेक्सपिअरचं केलं. माझा कौल देवलांकडे आहे, पण तू स्वतः वाचूनच ठरव.

एक काम मात्र टाळू नकोस. ‘हॅम्लेट’ची 1603 ची छापील प्रत आणि 1604 ची प्रत दोन्ही समोर घे, त्यांची छायाचित्रं आता घरबसल्या पाहता येतात. 1603 च्या अवघ्या दोन प्रती जगात उरल्या आहेत. ही आवृत्ती 1604 च्या जवळजवळ निम्मी आहे, तिच्यात पोलोनियसचं नाव कोरांबिस आहे, आणि नायकाचं सर्वांत प्रसिद्ध स्वगतही वेगळ्या जागी येतं. ती चोरून उतरवलेली, की प्रयोगासाठी छाटलेली, की पहिला खर्डा? विद्वानांत एकमत नाही. तुझं मत तू आधी वहीत लिही, मग त्यांची वाच. शेक्सपिअरच्या नाटकांचा 1623 चा मोठा ग्रंथ हेमिंग्ज आणि कॉन्डेल या सहकारी नटांनी काढला नसता, तर त्यातली 18 नाटकं, ‘मॅकबेथ’ आणि ‘टेम्पेस्ट’सह, बहुधा कायमची गेली असती. नाटकाच्या छापील पुस्तकांना तेव्हा मान नव्हता. ऑक्सफर्डचं ग्रंथालय उभारणाऱ्या टॉमस बोडलीनं असली पुस्तकं घेऊ नका, असं आपल्या ग्रंथपालाला बजावलं होतं.

सत्तेचा धाकही विसरू नकोस. प्रयोगाआधी संहिता दरबारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. जॉन्सन नाटकापायी 1597 मध्ये तुरुंगात गेला आणि 1605 मध्ये पुन्हा. 1593 मध्ये किडला पकडलं, त्याचे हाल केले. त्याच वर्षी मार्लो डेटफर्डला मारला गेला, वय 29. आपल्याकडे 1876 चा नाट्यप्रयोगांचा कायदा आला आणि त्याच्या आधारे खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1910 मध्ये बंद पाडलं गेलं. नाटककार सरळ का बोलत नाही, पौराणिक किंवा परदेशी वेष का घेतो, याचं उत्तर दोन्हीकडे शोध.

शेक्सपिअर खरा कोण, त्याच्या नावानं दुसऱ्यानंच लिहिलं का, असल्या चर्चेत वर्ष घालवू नकोस. त्यापेक्षा ‘मॅकबेथ’मध्ये मिडलटनचा हात किती, हा प्रश्न शंभरपट चांगला. तिथे पुरावा तपासता येतो.

अप्पा बळवंत चौकातून आधी गाइडं उचलू नकोस. नाटक दोनदा मोठ्यानं वाचून झाल्यावर हवं तर घे. नगर वाचन मंदिर घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, 1848 पासूनचं. जुन्या मराठी नाटकांसाठी तिथे आधी विचार. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ आणि विंदांचा ‘राजा लिअर’ माझ्याकडे आहेत, येशील तेव्हा घेऊन जा. येताना किड वाचून ये आणि त्याच्या नायकाच्या, हिरोनिमोच्या, वेडाबद्दल तुला काय वाटलं ते दोन पानांत लिहून आण.

तुझी,
आत्या