वॉर्डात पहिले पाऊल ठेवताना

वाचन : मार्क ९:१४-२९, यिर्मया १:४-८



आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो, मिस्सानंतर अभिनंदन करतो. पुढे त्या मुलांच्या मनात काय चालले आहे, हे मात्र आपण फारसे विचारत नाही. अलीकडे अशीच एक विद्यार्थिनी मिस्सानंतर आमच्याजवळ थांबली. म्हणाली, ''उद्यापासून वॉर्ड सुरू होतोय. माझ्यासाठी प्रार्थना करा, मला फार भीती वाटते.'' परीक्षेची भीती का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ''नाही, पेशंटची.''

तिचे हे उत्तर आमच्या मनातून गेले नाही. म्हणून आज या विषयावर शुभवर्तमानाच्या प्रकाशात थोडा विचार करू.

भीती कशाची?

पूर्वी रत्नागिरीच्या मुलांना वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबई, पुणे किंवा मिरजेला जावे लागे. २०१५ साली आपल्या जिल्ह्यात सावर्डे येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २०२३ साली रत्नागिरीतच शासकीय महाविद्यालय आले. आपले सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, त्याला जोडलेले आहे. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय असतात. रुग्णाची थोडीफार ओळख तेव्हाही होते, पण नियमाने वॉर्डात जाणे दुसऱ्या वर्षापासून सुरू होते.

तिथे खाटेवर कोण असते? राजापूरहून आलेली आजी, आंबे काढताना झाडावरून पडलेला गडी, मिरकरवाड्याचा खलाशी, पावसाळ्यात शेतात साप चावलेली बाई. त्यांना खरेच दुखत असते. आणि पांढरा कोट घातलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला ते ''डॉक्टर'' म्हणून हाक मारतात. त्या मुलाला मात्र ठाऊक असते की आपल्याला अजून काहीच येत नाही.

त्या विद्यार्थिनीने आपली भीती सांगितली ती अशी : माझ्या आधी चौघांनी त्या आजींना हेच प्रश्न विचारलेले असतील, मी पाचवी. त्यांना बरे करणे माझ्या हातात नाही. माझ्या शिकण्यासाठी त्यांनी का त्रास सोसावा? सरांनी सर्वांसमोर विचारले आणि उत्तर आले नाही तर? आणि माझ्यासमोर कोणी देवाघरी गेले तर?

ही भीती म्हणजे दुबळेपणा आहे असे आम्हाला वाटत नाही. समोरच्या माणसाचे दुःख खरे आहे, हे तिला कळले आहे. ज्याला वॉर्डात पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही, त्याची आपण अधिक काळजी करावी.

शिष्यांनाही जमले नव्हते

संत मार्कच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायातला प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो. मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, अंग ताठ होते. प्रभू येशू डोंगरावर गेलेला असतो, म्हणून बाप शिष्यांकडे वळतो. शिष्य प्रयत्न करतात, पण त्यांना जमत नाही. भोवती गर्दी जमलेली असते, शास्त्री वाद घालत असतात. सर्वांसमोर फजिती होणे म्हणजे काय, हे त्या दिवशी शिष्यांना पुरेपूर कळले.

मग येशू येतो. मुलाला समोर आणल्यावर तो आधी बापाला एक साधा प्रश्न विचारतो : हा त्रास मुलाला केव्हापासून आहे? बाप सांगतो, लहानपणापासून. आणि मग तो सगळेच सांगू लागतो. मुलगा विस्तवात पडला, पाण्यात पडला, आम्ही किती सोसले. शेवटी मनातली कबुलीही बाहेर पडते, की आपला विश्वास आहे पण तो अपुरा आहे, प्रभूने तो सावरावा.

वैद्यकीय विद्यार्थ्याला वॉर्डात पहिल्यांदा जे शिकवतात, ते हेच आहे. त्याला ते ''हिस्ट्री घेणे'' म्हणतात. काय त्रास होतो आणि केव्हापासून होतो, हे रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्यायचे. सर्व जाणणाऱ्या प्रभूला हा प्रश्न विचारण्याची गरज नव्हती, तरी त्याने तो विचारला. त्या बापाला आपले दुःख कोणाला तरी सांगायचे होते आणि प्रभूने ते गर्दीत उभे राहून ऐकले.

तेव्हा पाचव्या विद्यार्थिनीने घाबरू नये. त्या आजींना औषध देणे तिच्या हातात नसेल, पण खाटेजवळ थांबून नीट ऐकणे तिच्या हातात आहे. राऊंडवरच्या मोठ्या डॉक्टरांना शंभर कामे असतात. विद्यार्थ्याजवळ वेळ असतो, आणि रुग्णाला त्याची फार गरज असते.

त्या प्रसंगाचा शेवटही लक्षात ठेवण्याजोगा आहे. घरी गेल्यावर शिष्य प्रभूला एकांतात विचारतात, आम्हाला का जमले नाही? प्रभू त्यांना हाकलून देत नाही. तो त्यांना प्रार्थनेकडे वळवतो. ''मला आले नाही, समजावून सांगा,'' असे आपल्या शिक्षकांना विचारण्यात कमीपणा नाही. शिष्यांनीही तेच केले.

आपल्या कोकणातील एक उदाहरण

रुग्णाजवळ बसून ऐकण्या-पाहण्याने काय घडू शकते, याचे उदाहरण शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने कोकणात अनेक जण, विशेषतः मुले, दगावत. मोठी यंत्रे हाताशी नव्हती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय, नाडी, रक्तदाब यांच्या बारकाईने नोंदी केल्या. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे औषध त्यांनी या रुग्णांना दिले आणि शंभरात चाळीसपर्यंत असलेले मृत्यू एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाची सुरुवात खाटेजवळ बसण्याने झाली, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्यांसाठी

१. खाटेजवळ गेल्यावर आधी आपले नाव सांगा, मी विद्यार्थी आहे हे सांगा आणि परवानगी विचारा. ''आजी, काका, मावशी'' म्हणा. ''बेड नंबर बारा'' म्हणू नका. तपासताना पडदा ओढा आणि शेवटी आभार माना.

२. जे येत नाही ते येत नाही म्हणा. ''मी सरांना विचारून सांगतो,'' हे प्रामाणिक उत्तर आहे. खोटा धीर देऊ नका.

३. हात धुवा. सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशी यांच्याकडूनही शिका.

४. रत्नागिरी लहान आहे. कोण भरती आहे, कशासाठी आहे, हे घरी किंवा देवळाच्या आवारात बोलू नका.

५. पहिला मृत्यू पाहाल तेव्हा रडू आले तर लाजू नका. मित्राशी, शिक्षकांशी, घरी किंवा फादरांशी बोला. रुग्णाचे नाव न घेताही मन मोकळे करता येते. लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला.

आणि आपल्यासाठी

हा धडा केवळ मुलांचा नाही. आज ना उद्या आपणही त्या खाटेवर असू. विद्यार्थी आला की ''मोठ्या डॉक्टरांना पाठवा, तू जा,'' असे आपण पटकन म्हणतो. नको म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. स्त्री-रुग्णाने तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री हजर असावी, असे सांगण्यात काही गैर नाही. पण अंगात त्राण असेल तेव्हा आपली हकीकत एका शिकणाऱ्या मुलाला सांगणे, हेही दान आहे. त्यातून तयार झालेला डॉक्टर पुढे कोणाचा तरी जीव वाचवील. जुने केसपेपर बरोबर ठेवा. तंबाखू, दारू, गावठी औषध यांविषयी खरे सांगा.

आईवडिलांनी मुलांना फक्त मार्क विचारू नयेत. ''आज काय शिकलास?'' याच्या जोडीला ''आज तुला कसे वाटले?'' असेही विचारावे. मात्र ''आपल्यापैकी कोण भरती आहे?'' हे विचारून त्यांना अडचणीत टाकू नये.

यिर्मयाला देवाने बोलावले तेव्हा त्यानेही आपण लहान आहोत, बोलता येत नाही, अशी सबब सांगितली. देवाने त्याला मोठे होईपर्यंत थांबवले नाही. भिऊ नकोस, मी बरोबर आहे, एवढा आधार देऊन पाठवले. आपल्या मुलांनाही आम्ही एवढेच सांगू इच्छितो.

घरी चिंतनासाठी

१. आजारपणात माझे म्हणणे कोणी शांतपणे ऐकून घेतले? मी कोणाचे ऐकले?
२. मला जमले नाही, हे मी प्रभूजवळ आणि माणसांजवळ कबूल करतो का?
३. या आठवड्यात आपले कुटुंब कोणत्या आजारी व्यक्तीला भेटू शकेल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आजाऱ्यांजवळ थांबलास, त्यांना विचारलेस आणि त्यांचे ऐकलेस. वॉर्डात पहिले पाऊल ठेवणाऱ्या आमच्या मुलामुलींबरोबर राहा. त्यांच्या भीतीचे रूपांतर काळजीत कर. त्यांचे हात हळुवार, कान सावध आणि जीभ खरी ठेव. खाटेवरच्या आमच्या बंधुभगिनींना धीर दे आणि आम्हाला एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकव. आमेन.