रात्री बाराचं रीडिंग

कंट्रोल सिस्टीमच्या तासाला निगेटिव्ह फीडबॅक शिकलो तेव्हा उदाहरण होतं इस्त्रीच्या थर्मोस्टॅटचं. पाठ केलं, मार्क मिळाले. कळलं मात्र दिवाळीच्या सुट्टीत, वाशीमला, आजीमुळे.

आजीचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. शेजारच्या बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली. पण पोट सुटलेलं, हातपाय काड्यांसारखे, जरा लागलं की काळानिळा डाग, आणि रात्री झोप नाही. बाजारातून कोणाकडून तरी गुडघेदुखीच्या पुड्या आणायची. "त्या पुडीनं गुडघे मोकये झाले ना बाबू, काऊन बंद करू?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर जे काढून दाखवलं तो चक्क आपला ब्लॉक डायग्राम होता! दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमची एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला हुकूम देतो, पिट्युटरी एसीटीएच सोडून अधिवृक्काला. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की वरचे दोघं हात आखडता घेतात. या लूपला घड्याळही जोडलेलं आहे. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, उठायच्या सुमारास शिखर गाठतं, दिवसभर उतरतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं.

हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली पिट्युटरीच्या गाठींशी जोडून दाखवलेल्या आजारात हा तळच नाहीसा होतो. गाठ फीडबॅकला जुमानत नाही. सकाळचं रीडिंग नॉर्मल येऊ शकतं, म्हणून रात्री अकरा-बाराला लाळेतलं कॉर्टिसॉल तपासतात, तेही एकापेक्षा जास्त रात्री. आपल्या भाषेत, साइन वेव्हचा डीसी झाला का ते बघायचं.

आजीचा रिपोर्ट मात्र उलटाच. सकाळचं कॉर्टिसॉल जवळपास शून्य! लक्षणं जास्तीची आणि आकडा कमीचा, हे कसं? डॉक्टरांचा संशय पुडीत मिसळलेल्या डेक्सामेथासोनवर होता. हे स्टेरॉइड कॉर्टिसॉलच्या नेहमीच्या तपासणीत जवळजवळ दिसत नाही, पण शरीरावर कॉर्टिसॉलचंच काम करतं, तेही दीड दिवसाहून जास्त. त्यामुळे पिट्युटरीला वाटतं, माल भरपूर आहे. ती गप्प बसते आणि महिनोन्‌महिने काम नसलेली अधिवृक्कं आक्रसतात. दिवस नाही, रात्र नाही, सपाट रेषा.

मी तर सगळ्या पुड्या गटारात टाकायला निघालो होतो. तीच मोठी चूक ठरली असती. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला आणि आतली ग्रंथी झोपलेली असली, तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, साध्या तापातही जीव जाऊ शकतो. तुमच्या घरी कोणी अशा पुड्या घेत असेल तर मनाने बंद करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आजीला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिल्या. मोठा डोस सकाळी उठल्याबरोबर, लहान दुपारी, रात्री काहीच नाही. म्हणजे ती लाट हाताने काढायची, आणि आतली यंत्रणा जागी होईल तसतशा गोळ्या कमी करायच्या. याला महिने लागतात.

सध्या मात्रा उतरते आहे. गुडघे पुन्हा दुखतात आणि त्याचं सगळं खापर माझ्यावर फुटतं. रात्री दहाला फोन केला तर मात्र आई सांगते, आजी केव्हाचीच झोपली.